डिझेलच घे, मामा!

आमच्या कॉलेजात दोन वाद कधीच संपत नाहीत. एक म्हणजे मेसच्या वरणात डाळ असते की नाही, आणि दुसरा म्हणजे फोर-बाय-फोर घ्यायची तर डिझेल की पेट्रोल. पहिल्या वादावर मेस कमिटी तरी आहे. दुसऱ्यावर कुणीच नाही, म्हणून हा लेख. संपादक मंडळाने खरं तर माझ्याकडे ‘मैत्री’ या विषयावर काहीतरी मागितलं होतं. पण बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीकडून मैत्रीवर हळुवार मराठी लिहून घेणं म्हणजे लेथवर पोळ्या लाटण्यासारखं आहे. इंजिनाबद्दल मात्र मला मत आहे आणि ते ठाम आहे.

मत असं. गाडी खरोखर चिखलात, चढणीवर, ओढ्यात राबणार असेल तर डिझेल घ्या. आणि ती जर शनिवारी संध्याकाळी कॅफेसमोर उभी राहण्यासाठीच असेल तर डिझेल मुळीच घेऊ नका, कारण त्यात तुमचे पैसेही वाया जातात आणि दुसऱ्याची फुप्फुसंही. आमच्या वर्गातली पोरं यातलं पहिलं वाक्य ऐकून टाळ्या वाजवतात आणि दुसरं वाक्य येईपर्यंत चहाला निघून गेलेली असतात.

माझ्यासाठी हा टाइमपासचा विषय नाही. माझं आजोळ अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. अंगणातून कळसूबाईचा डोंगर दिसतो, पाऊस नसेल तर. मामाची भाताची खाचरं आहेत, पाच म्हशी आहेत, आणि वस्ती डांबरीपासून तीन किलोमीटर आत. पावसाळ्यात त्या तीन किलोमीटरला रस्ता म्हणायला जरा धाडसच लागतं. तांबडा चिखल, मधे दोन ओढे, आणि शेवटी एक खडी चढण, जिच्यावर बैलगाडीसुद्धा विचार करून चढते. रोज पहाटे आजूबाजूच्या तीन वस्त्यांचं दूध डेअरीच्या टेम्पोपर्यंत पोचवायचं असतं. मागच्या पावसाळ्यात वरच्या वस्तीवरच्या एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा चौघांनी झोळी करून तिला डांबरीपर्यंत आणलं. मामा त्या चौघांतला एक. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण त्या रात्रीनंतर मामाने ठरवलं की आता कर्ज काढायचं, पण गाडी घ्यायची.

नवी परवडत नाही. जुन्यात दोन थार समोर आल्या. दोन्ही २०२१ च्या, दोन्ही फोर-बाय-फोर, दोन्ही मॅन्युअल गिअरच्या, किंमत जवळजवळ सारखी. एक डिझेल, ७० हजार किलोमीटर पळालेली, मालक द्राक्ष बागायतदार. दुसरी पेट्रोल, पुण्याची, फक्त २४ हजार किलोमीटर, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. घरातल्या सगळ्यांचं मत पुण्याच्या गाडीला. कमी पळालेली, चकचकीत, आवाज नाही. मामाने मला फोन केला. ‘अगं, तू एवढी मेकॅनिकल शिकतेयस, तर सांग की काय घेऊ?’ आमच्या घराण्यात गाडीबद्दल एखाद्या मुलीला विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळे उत्तर देताना जरा अभ्यास करणं भाग होतं.

हॉस्टेलवर विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘डिझेल म्हणजे टॉर्क, विषय संपला!’ हे उत्तर आमच्या सीनिअर्सनी त्यांच्या सीनिअर्सकडून ऐकलं असावं. एके काळी ते खरंही होतं. महिंद्राने १९४७ च्या सुमारास विलीज जीप इथे जोडायला घेतल्या, तेव्हा त्या जीपमध्ये पेट्रोल इंजिन होतं, २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं. पुढच्या काही दशकांत त्याच जीपमध्ये डिझेल आलं आणि खेड्यापाड्यांत जीप म्हटली की डिझेल हे समीकरण पक्कं झालं. त्या काळच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो नव्हता, ते जोरात फिरवल्याशिवाय ओढत नसे. डिझेल सावकाश फिरूनही ओढायचं.

पण आता कागद काढून बघा. २०२० साली आलेल्या थारमध्ये २.२ लिटर डिझेल आहे, १३० हॉर्सपॉवर आणि ३०० न्यूटन-मीटर. आणि २ लिटर टर्बो पेट्रोल आहे, १५० हॉर्सपॉवर आणि मॅन्युअलमध्ये तेच ३०० न्यूटन-मीटर. एवढंच नाही, पेट्रोलला ते ३०० न्यूटन-मीटर १२५० फेऱ्यांपासून मिळतात आणि डिझेलला १६०० पासून. म्हणजे कागदावर टॉर्कची बरोबरी, पॉवरमध्ये पेट्रोल पुढे, आणि ओढ सुरू होण्यातही पेट्रोलच पुढे. ‘डिझेल म्हणजे टॉर्क’ म्हणणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, ‘ब्रोशरवर विश्वास नाही ठेवायचा.’ हे काही उत्तर नव्हे. ब्रोशरवर विश्वास ठेवायचाच, फक्त ते कुठे गप्प बसतं तेही बघायचं.

ते गप्प बसतं मामाच्या चढणीवर. हिशेब करून पाहू. फोर-लो टाकलं, पहिला गिअर टाकला. पहिला गिअर समजा चारपट, ट्रान्स्फर केस अडीचपट, डिफरन्शियल चारपट धरलं. गुणाकार चाळीस. इंजिन आयडलिंगला ८०० फेरे फिरतंय, तर चाक मिनिटाला २० फेरे फिरणार. टायरचा घेर साधारण २.४ मीटर, म्हणजे मिनिटाला ४८ मीटर, तासाला तीन किलोमीटरपेक्षा जरा कमीच. माणूस चालतो त्याहून हळू. चिखलात, दगडांत, ओढ्याच्या काठावर गाडी याच वेगाने चालवायची असते, कारण जोरात घातली की चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा करतं आणि रुततं. आता ब्रोशर बघा. त्यात १२५० आहे, १६०० आहे, ५००० सुद्धा आहे. ८०० चं काहीच नाही. टर्बो या फेऱ्यांवर जवळजवळ झोपलेला असतो, दोन्ही इंजिनांत. तिथे उरतं ते इंजिनाचं मूळ वागणं.

हा माझ्या मताचा गाभा आहे, त्यामुळे व्हायवाची तयारी म्हणून का होईना, वाचा.

पेट्रोल इंजिनात ताकद ठरते हवेवर. थ्रॉटलची झडप जेवढी उघडेल तेवढी हवा आत, त्या हवेच्या मापात पेट्रोल, मग स्पार्क. आयडलिंगला ती झडप जवळपास मिटलेली असते. इंजिन बारीक नळीतून श्वास घेत असतं. अशा वेळी पुढचं चाक दगडाला अडलं, तर फेरे पडायला लागतात, कॉम्प्युटरला ते कळतं, तो झडप उघडतो, मधला पाइप हवेने भरतो, ती हवा सिलिंडरपर्यंत जाते आणि मग ताकद वाढते. हे सगळं सेकंदाच्या बारक्या भागात होतं हे मान्य. पण ८०० फेऱ्यांवर इंजिन बंद पडायलाही तेवढाच वेळ लागतो.

डिझेलमध्ये ताकद ठरते इंधनावर. सिलिंडर दर वेळी हवेने भरूनच येतो. (ईजीआर आणि डीपीएफच्या भानगडीसाठी आजकाल डिझेललाही एक झडप बसवतात, पण ताकद कमीजास्त करण्याचं काम तिचं नाही.) आयडलिंगला त्या भरपूर हवेत डिझेलचा इवलासा फवारा पडतो. चाक अडलं की कॉम्प्युटरने फक्त फवारा वाढवायचा. हवा आधीच आत हजर आहे. पुढच्याच स्ट्रोकला जोर मिळतो. शिवाय कॉम्प्रेशन रेशो पेट्रोलला साधारण ९ ते ११, डिझेलला १६ ते १८ किंवा त्याच्याही वर, आणि तो दणका सोसायला बनवलेले क्रँक आणि फ्लायव्हील जड. जड वस्तू फिरायला लागली की सहजी थांबत नाही. म्हणून फोर-लोमध्ये क्लच सोडून, अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, डिझेल गाडी दगडावरून म्हशीसारखी चढते. सावकाश, पण थांबत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी गावाकडचं पाण्याचं इंजिन आठवावं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली, आणि वीज पोचायच्या आधी महाराष्ट्रातल्या विहिरींवर असली डिझेल इंजिनंच धडधडत होती. गावात ‘इंजिन’ म्हटलं की तेच. पंपाने पाणी धरलं की त्या इंजिनाचा आवाज एकदम खोल होतो, पण फेरे तेवढेच राहतात. आत गव्हर्नर असतो, बोजा वाढला की तो आपला आपण डिझेल वाढवतो. आता गव्हर्नरच्या जागी कॉम्प्युटर आला, स्वभाव तोच राहिला. मी मामाला थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड वगैरे सांगायला लागले तर तो म्हणाला, ‘म्हणजे आपल्या पाण्याच्या इंजिनासारखं. ओढ धरून ठेवतं.’ बरोबर. मराठीत टॉर्कला आघूर्ण म्हणतात असं मला डिक्शनरीत सापडलं. मामाचा ‘ओढ’ हा शब्द जास्त चांगला आहे, डिपार्टमेंटने विचार करावा.

आता पेट्रोलच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे कॉलेजच्या निवडणुकीचं भाषण होईल. पेट्रोल फोर-बाय-फोर चालतच नाही हे साफ खोटं. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि शेवटपर्यंत पेट्रोलच राहिली. आधी १ लिटर, १९९६ पासून १.३ लिटर. टॉर्क म्हणाल तर आजच्या डिझेलच्या निम्म्याहून कमी. तरी आपल्या लष्कराने तिच्यावर वर्षानुवर्षं डोंगर चढले. कारण ती हलकी होती, जेमतेम एक टन. वजन कमी असेल तर ओढही कमी लागते, चिखलात रुततही कमी. आमच्या बाजाच्या टीमला विचारा. त्या स्पर्धेत वर्षानुवर्षं प्रत्येक कॉलेजला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं एकच पेट्रोल इंजिन वापरावं लागायचं, आणि त्यावर पोरं काय काय उड्या मारतात ते पाहिलंय सगळ्यांनी. २०२३ मध्ये आलेली जिम्नी याच वंशातली, पेट्रोल आणि हलकी. एकटादुकटा माणूस आणि एक सॅक घेऊन भटकणार असेल तर ती मजेत जाईल. पण मामाकडे माणसं, दुधाचे कॅन, खताची पोती हे सगळं एकदम असतं. लष्करालाही जेव्हा ८०० किलो बोजा, पक्कं छप्पर आणि एसी हवा झाला, तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी ३१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली, आणि ती डिझेल होती.

थंडीतही पेट्रोल सरस. लडाखमध्ये डिझेलमधलं मेण गोठतं, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. पेट्रोलला ही अडचण नाही. भंडारदऱ्याला थंडी कितीही वाजली तरी लडाख होत नाही, त्यामुळे हा मुद्दा मी मामापर्यंत नेलाच नाही.

उतारावरची गोष्ट मात्र सांगितली, कारण तिच्याबद्दल भलताच गैरसमज आहे. ‘डिझेलचं इंजिन ब्रेकिंग भारी’ असं जो तो म्हणतो. पुस्तकाप्रमाणे उलट आहे. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल मिटतो, पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं, गाडी धरली जाते. डिझेलमध्ये दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, म्हणजे घेतलेलं बरंचसं परत देते. तरी डिझेल गाडी उतारावर चांगली धरते ती आतल्या घर्षणामुळे, आणि त्याहून जास्त फोर-लोच्या त्या चाळीसपटीमुळे. पण ही चाळीसपट पेट्रोललाही मिळतेच. इथे डिझेलला फुकट मार्क देऊ नयेत.

पाण्याचंही तसंच. जुन्या पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर भिजला की ओढ्याच्या मधोमध गाडी बंद, आणि डिझेलला स्पार्कच लागत नाही म्हणून ते पाण्यातलं राजा, हे आजोबांच्या पिढीचं ज्ञान. आता दोन्हीकडे कॉम्प्युटर, दोन्हीकडे सेन्सर. आणि हवेच्या नळीतून पाणी आत गेलं तर दोघांचेही कनेक्टिंग रॉड वाकणार, डिझेलचे जरा आधीच, कारण दाबायला जागा कमी. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाणी चालेल म्हणते, ते दोन्ही इंजिनांना. पाण्यात काय चालतं हे इंजिनापेक्षा चालवणाऱ्याच्या डोक्यावर जास्त अवलंबून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये एकाने ट्रॅफिक चुकवायला थार सरळ चंद्रा नदीत घातली आणि पोलिसांनी त्याच्या नावाने चलान फाडलं. आपल्याकडेही काजव्यांच्या दिवसांत शहरातून आलेली मंडळी ओढ्यात गाड्या घालून रील काढतात. त्या ओढ्याचं पाणी खाली कुणीतरी पितं, एवढं जरी त्यांना सुचलं तरी पुरे.

मग डिझेलच का? ८०० फेऱ्यांवरची ओढ हे पहिलं कारण. दुसरं कारण इंधनाचा डबा. सगळ्यात जवळचा पंप मामाच्या घरापासून लांब आहे, आणि मुसळधार पावसात तिकडे जाता येईलच याची खात्री नसते. म्हणून घरात राखीव इंधन ठेवावं लागतं. पंपाच्या इंजिनासाठी आणि पॉवर टिलरसाठी डिझेलचा कॅन पडवीत असतोच. त्याच पडवीच्या पलीकडे चूल. पेट्रोलची वाफ साध्या हवेतही ठिणगीची वाट बघत असते आणि ती जमिनीलगत सरकते. डिझेल आपल्याकडच्या रोजच्या तापमानाला तशी पेट घेणारी वाफ सोडत नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या आजोळी पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं काही नसतंच. महिनाभर कॅनमध्ये ठेवलेल्या पेट्रोलच्या भरवशावर बाळंतिणीला घेऊन रात्री निघायचं? मी तरी निघणार नाही. (डिझेलमध्येही पाणी साचतं, पण त्याच्या फिल्टरखाली पाणी काढायची सोय असते आणि मामाला ती टिलरमुळे पाठ आहे.)

तिसरं कारण पैसा. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ९० च्या आसपास. घाट, चिखल, फोर-लो धरून आम्ही डिझेलला ११ चं आणि पेट्रोलला ८ चं अॅव्हरेज धरलं. पेट्रोलचं अॅव्हरेज हळू चालीत जास्त घसरतं, कारण त्या अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. म्हणजे किलोमीटरला डिझेलचे ८ रुपये २० पैसे, पेट्रोलचे जवळपास १३ रुपये. मामा वर्षाला १२ हजार किलोमीटर तरी फिरणार. फरक साधारण ५७ हजार रुपये. कर्जाचे तीन-चार हप्ते सहज निघतात. दुधावर चालणाऱ्या घरात ही रक्कम मोठी असते.

हाच हिशेब माझ्या पुण्यातल्या आतेभावासाठी मांडला तर तो हसून फेकून देईल. तो वर्षाला ३ हजार किलोमीटर गाडी चालवतो, फरक १४ हजारांचा. एक इंजेक्टर बिघडला की ते १४ हजार गेले, वर आणखी तेवढेच. तरी त्याला डिझेलच हवी आहे, का तर ‘ऑफ-रोडरला डिझेलच शोभते’. अशा शोभेविरुद्ध मला बोलायचंय.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ लागला, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती गाळणी भरली की आतली काजळी जाळून काढावी लागते, आणि त्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. सिग्नल ते सिग्नल चालवून तो तापत नाही. मग दिवा लागतो, गाडी रडते, गॅरेजवाला हजारोंनी मागतो. आणि मग कुणीतरी हुशार सांगतं, ‘गाळणी काढूनच टाका, मायलेजही वाढेल.’ हे बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती काजळी मग थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चोरी पकडली गेली, तपासणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण सोडणारी डिझेल इंजिनं. त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि २०२५ मध्ये पुन्हा त्यावर कोर्टात वाद झाला. मारुतीसारख्या कंपनीने २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. शहराला डिझेल नको झालंय आणि ते बरोबरच आहे.

आमच्या एका सरांनी मला विचारलं की मग संपत चाललेल्या तंत्रावर एवढा लेख कशाला, इलेक्ट्रिक फोर-बाय-फोर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते. सर, शंभर टक्के मान्य. ८०० फेऱ्यांचा माझा सगळा युक्तिवाद मोटरपुढे कोसळतो. पण वस्तीवर पावसाळ्यात वीज गेली की कधी तीन दिवस येत नाही, आणि मामाच्या बजेटात जुनी इलेक्ट्रिक फोर-बाय-फोर मिळत नाही. त्या रात्रीच्या झोळीला उत्तर आजच्या वस्तूंतूनच द्यावं लागणार. दहा वर्षांनी बघू.

आणि मामाच्या गाडीच्या धुराचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला, कारण घरात दम्याची आजी आहे. तीन किलोमीटर रांगत गेलेल्या गाडीची गाळणीही भरणारच. पण मामा आठवड्यातून दोनदा संगमनेरला जातो, चांगले साठ-सत्तर किलोमीटर एकदम, तेव्हा ती जळून साफ व्हायला वाव आहे. गाडी पडवीत लावायची नाही, गोठ्याच्या पलीकडे लावायची, आणि सकाळी उगाच घुरघुरत ठेवायची नाही, हे मी मामाकडून कबूल करून घेतलंय. गाळणी काढायचा सल्ला कुणी दिला तर आधी मला फोन करायचा, हेही.

मागच्या आठवड्यात तो डिझेलवाली बघायला गेला, तेव्हा मी त्याला एक यादी पाठवली होती. इंजिन थंड असताना जा, मालकाने आधी तापवून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या सेल्फला उचलते का बघ. जोरात रेस केल्यावर काळा धूर आला तर समज, गाळणी जागेवर नाही किंवा फुटली आहे. निळा आला तर उठून ये. फोर-लो स्वतः टाकून बघ, द्राक्षवाल्यांना कधी लागत नाही, त्यामुळे लीव्हर जाम असू शकतो. खाली वाकून डिफरन्शियलला ऑइल गळतंय का बघ. आणि एका चढावर फोर-लो पहिला टाक, अॅक्सिलरेटरवरून पाय काढ, आणि ओढ धरते का बघ.

संध्याकाळी त्याचा फोन आला. धूर नाही, सेल्फ चांगला, फोर-लोचा लीव्हर खरंच जाम होता पण दोन-तीनदा मागेपुढे केल्यावर सुटला. मागचे दोन टायर बदलावे लागतील, त्याचे पैसे मालक कमी करायला तयार आहे. ‘आणि चढावर?’ मी विचारलं. मामा म्हणाला, ‘पाय काढला गं. गेली आपली आपली वर.’ बँकेत कागद सोमवारी देणार आहे.